व्हेनिस : नांदते नगर की प्रेक्षणीय स्थळ?

ऐतिहासिक शहरे शत्रूच्या स्वारीने, आगीने किंवा पुराने उद्ध्वस्त होतात, असा आपला सर्वसाधारण समज आहे आणि इतिहासात त्याला दाखलेही पुष्कळ सापडतात. गेल्या पन्नास-साठ वर्षांत मात्र एक निराळीच प्रक्रिया जगाच्या नजरेस येऊ लागली आहे. शहरातील वाडे, देवालये, पूल आणि चौक जागच्या जागी उभे असतात. त्यांची डागडुजी पूर्वीपेक्षा अधिक काळजीने होते. दरवर्षी लक्षावधी लोक ते पाहावयास येतात. आणि तरीही ते शहर हळूहळू ओस पडत जाते. कारण त्या वाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे तेथून उठून गेलेली असतात.

या प्रक्रियेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे इटलीतील व्हेनिस. हे शहर १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. मुंबईनजीकच्या घारापुरीची लेणीही त्याच वर्षी त्या यादीत आली. पुढे जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे प्रतीक म्हणून बारा किल्ल्यांना हाच मान मिळाला. त्यांपैकी अकरा किल्ले महाराष्ट्रात आहेत. वारशाच्या मानाबरोबर पर्यटकांचा ओघ येतो आणि त्या ओघाबरोबर काही प्रश्नही येतात. व्हेनिसमध्ये ते प्रश्न कसे उभे राहिले, हे समजावून घेणे म्हणूनच आपल्याकडील स्थानिक संस्थांना उपयोगाचे ठरेल.

पाण्यावरील राजधानी

समुद्रकाठच्या उथळ, खाऱ्या जलाशयातील शंभराहून अधिक लहान बेटांवर व्हेनिस वसलेले आहे. चिखलात लाकडी खांब ठोकून त्यांवर दगडी पाया घालावयाचा आणि त्यावर इमारत उभारावयाची, ही तेथील जुनी पद्धत. चारशेहून अधिक पुलांनी ही बेटे जोडलेली आहेत. जुन्या शहरात मोटार नाही. भाजीपाला, टपाल, रुग्ण, कचरा, इतकेच नव्हे तर प्रेतयात्रासुद्धा नावेतूनच जाते. सुमारे हजार वर्षे हे एक स्वतंत्र प्रजासत्ताक होते. पूर्व भूमध्य समुद्रातील व्यापाराच्या बळावर त्याने अपार संपत्ती मिळविली. १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्यापुढे हे प्रजासत्ताक कोसळले. १८४६ मध्ये रेल्वेच्या पुलाने आणि १९३३ मध्ये मोटाररस्त्याच्या पुलाने हे शहर मुख्य भूमीशी जोडले गेले.

या शहराच्या सद्यःस्थितीचे मर्म त्याच्या लोकसंख्येच्या आकड्यांत आहे. १९५१ मध्ये जुन्या शहरात सुमारे १ लाख ७५ हजार लोक राहत होते. १९७१ मध्ये ती संख्या सुमारे १ लाख ८ हजारांवर आली, २००१ मध्ये सुमारे ६६ हजारांवर आली आणि २०२२ मध्ये ती ५० हजारांच्याही खाली गेली. याउलट शहरास भेट देणाऱ्यांची संख्या वर्षाला दोन ते तीन कोटींच्या घरात असल्याचे अंदाज आहेत. त्यांतील बहुसंख्य लोक सकाळी येऊन सायंकाळी परत जाणारे असतात.

पर्यटन हे एकमेव कारण नव्हे

हे आकडे पाहून सर्व दोष पर्यटकांच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु ते यथार्थ होणार नाही. १९५१ ते १९७१ या काळात सर्वांत मोठी घट झाली, आणि त्या वेळी आजच्यासारखी गर्दी नव्हती. लोक निघून गेले ते अन्य कारणांनी. घरे दमट व अंधारी होती. दुरुस्तीचा खर्च परवडत नसे. समोरच्या किनाऱ्यावरील मार्गेरा येथे कारखाने निघाले होते आणि शेजारच्या मेस्त्रे येथे नवी, कोरडी व स्वस्त घरे मिळत होती. तेथे मोटार दारापर्यंत आणता येई. त्यातच ४ नोव्हेंबर १९६६ रोजी भरतीचे पाणी नेहमीच्या पातळीपेक्षा १९४ सेंटिमीटर चढले आणि तळमजल्यावरील असंख्य बिऱ्हाडे वाहून गेल्यासारखी झाली. पुष्कळ कुटुंबे त्यानंतर परतलीच नाहीत.

पर्यटनाचा परिणाम यानंतर दिसू लागला. रिकामी झालेली घरे नव्या कुटुंबांनी भरावयास हवी होती. ती प्रवाशांच्या मुक्कामासाठी वापरात आली. जगभरच्या प्रवासाचे प्रमाणही याच काळात वाढत होते. १९५० मध्ये देशाबाहेर प्रवासास जाणाऱ्या पर्यटकांची जगातील संख्या अडीच कोटींच्या आसपास होती. २०१९ मध्ये ती १४० कोटींहून अधिक झाली. स्वस्त विमानसेवा, हजारो प्रवासी वाहणारी सहलजहाजे आणि संगणकावरून घरबसल्या खोली राखून ठेवण्याची सोय यांमुळे व्हेनिससारखे शहर कोणाच्याही आवाक्यात आले. घरमालकाचा हिशेब तर उघडच होता. एखादे कुटुंब महिनाभराचे जे भाडे देईल, ते पाहुण्यांकडून काही रात्रींतच मिळू लागले. त्यात मालकाने काही बेकायदा किंवा अनैतिक केले असे म्हणता येणार नाही. परंतु प्रत्येकाने आपापल्या परीने शहाणपणाचा घेतलेला निर्णय एकत्र आला, तेव्हा सर्वांचेच शहर रिते होऊ लागले. सप्टेंबर २०२३ मध्ये तेथील नागरिकांच्या एका गटाने केलेल्या मोजणीनुसार जुन्या शहरात पर्यटकांसाठी असलेल्या खाटांची संख्या तेथील रहिवाशांच्या संख्येपेक्षा अधिक झाली.

दुकाने काय सांगतात

गावाची प्रकृती जाणावयाची असेल तर त्याची बाजारपेठ पाहावी. गिऱ्हाईक बदलले की दुकान बदलते. पाव, भाजी, खिळेमोळे, शिवणाचे सामान विकणारे दुकान रहिवाशांवर चालते. रहिवासी घटले की त्याची विक्री घटते, आणि त्याच वेळी त्या जागेचे भाडे मात्र वाढत असते. कारण मुखवटे आणि काचेच्या शोभेच्या वस्तू विकणारा दुकानदार अधिक पैसे देण्यास तयार असतो. किराणा दुकान बंद झाले की उरलेल्या वृद्धांना सामानासाठी दूर जावे लागते. मुलांची संख्या घटली की शाळेतील वर्ग कमी होतात. वर्ग कमी झाले की लहान मुले असलेले आणखी एक कुटुंब शहर सोडते. अशा रीतीने एक घट दुसऱ्या घटीस कारण होते आणि हे रहाटगाडगे आपोआप फिरू लागते.

रिआल्तो पुलालगतच्या एका प्रचंड इमारतीचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. जर्मन व्यापाऱ्यांची वखार म्हणून ती प्रसिद्ध होती आणि १५०५ मधील आगीनंतर ती नव्याने बांधण्यात आली. विसाव्या शतकात तेथे शहराचे मुख्य टपालघर होते. म्हणजे पत्र टाकण्यासाठी, पैसे पाठविण्यासाठी प्रत्येक रहिवाशाचे पाऊल तेथे पडत असे. २०१६ मध्ये त्याच वास्तूत प्रवाशांसाठी उंची वस्तूंचे भव्य विक्रीकेंद्र सुरू झाले. २०२५ मध्ये तेही बंद पडले. वास्तूचे जतन झाले यात शंका नाही. परंतु तिचा शहराशी असलेला रोजचा संबंध मात्र तुटला.

कारागिरीची स्थितीही अशीच आहे. आगीच्या भीतीने १२९१ मध्ये प्रजासत्ताकाने काचेच्या भट्ट्या मुरानो या बेटावर हलविल्या. तेव्हापासून मुरानोची काच जगप्रसिद्ध आहे. गर्दीच्या पर्यटनाला मात्र खिशात मावणारी स्वस्त वस्तू हवी असते. ती परदेशातील कारखान्यांतून येते आणि मुरानोच्या नावावर विकली जाते. खऱ्या मालाची ओळख पटावी म्हणून तेथील प्रादेशिक शासनाने १९९४ च्या कायद्यान्वये मुरानोच्या काचेसाठी खास चिन्ह ठरवून दिले. आपल्याकडे पैठणी किंवा कोल्हापुरी चप्पल यांच्या बाबतीत भौगोलिक मानांकनाची जी आवश्यकता भासली, तिच्या मुळाशी हीच अडचण आहे.

अस्सलपणा म्हणजे काय?

ऐतिहासिक शहराचा ‘अस्सलपणा’ हरवतो असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय हरवते? या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. मे १९६४ मध्ये जगातील वास्तुतज्ज्ञांची परिषद व्हेनिसमध्येच भरली होती. जुन्या वास्तूंच्या जतनाविषयी तिने सिद्ध केलेला मसुदा ‘व्हेनिसची सनद’ या नावाने ओळखला जातो. मूळ साहित्य, मूळ रचना आणि प्रत्येक काळाची त्यावर उमटलेली खूण यांचा मान राखावा, असे या सनदेचे सूत्र आहे. म्हणजे अस्सलपणा मुख्यत्वे दगड-विटांत आहे, अशी ही भूमिका होय.

परंतु खुद्द व्हेनिसच्या इतिहासात या भूमिकेला छेद देणारे उदाहरण आहे. सेंट मार्क चौकातील उंच घंटाघर १४ जुलै १९०२ रोजी सकाळी कोसळून ढिगारा झाले. शहराने निर्णय घेतला की मनोरा जसा होता तसा आणि होता तेथेच पुन्हा उभारावयाचा. २५ एप्रिल १९१२ रोजी तो पूर्ण झाला. आज दिसणारा मनोरा कालगणनेने जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे; तरी त्याला बनावट म्हणण्याचे कोणाच्या मनात येत नाही. कारण ज्यांचा तो होता त्यांनीच तो पुन्हा बांधला आणि त्याच्या घंटा त्यांच्यासाठीच वाजत राहिल्या.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. जीर्णोद्धाराची कल्पना आपल्या परंपरेत मुरलेली आहे. मंदिराचा कळस बदलतो, सभामंडप नवा होतो, तुळया बदलतात. परंतु नित्यपूजा आणि यात्रा चालू असेपर्यंत देवस्थान जुनेच मानले जाते. १९९४ मध्ये जपानमधील नारा येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय बैठकीनेही या विचाराला मान्यता दिली. अस्सलपणाची कसोटी प्रत्येक संस्कृतीच्या संदर्भात लावली पाहिजे आणि वास्तूचा वापर, परंपरा व भाव यांनाही त्यात स्थान असले पाहिजे, असे नारा येथे संमत झालेल्या मसुद्यात म्हटले आहे. आपल्या भाषेत यासाठी एक नेमका शब्द आहे : नांदणे. घर नांदते असावे, वाडा नांदता असावा, असे आपण म्हणतो. व्हेनिसचे वाडे शाबूत आहेत. परंतु ते नांदते राहतील किंवा नाही, हा खरा प्रश्न आहे.

हा भेद लक्षात घेतला म्हणजे व्हेनिसच्या प्रसिद्ध कार्निव्हल उत्सवाकडेही योग्य दृष्टीने पाहता येते. प्रजासत्ताक कोसळल्यानंतर हा मुखवट्यांचा उत्सव बंद पडला होता. १९७९ च्या सुमारास तो पुन्हा सुरू झाला. खंड पडला म्हणून तो खोटा ठरत नाही. त्याची परीक्षा अन्य आहे : मुखवटा घालणारा शहरवासी आहे काय, की शहरवासी त्या दिवसांत गर्दी टाळण्यासाठी बाहेरगावी जातो?

उपाय आणि त्यांच्या मर्यादा

शासनाने आणि नगरपालिकेने काहीच केले नाही असे नाही. पाण्यापासून संरक्षणासाठी जलाशयाच्या मुखाशी ७८ हलत्या दारांचा बांध घालण्यात आला; अब्जावधी युरो खर्चून उभारलेल्या या बांधाने ३ ऑक्टोबर २०२० रोजी प्रथमच भरतीचे पाणी अडविले. २ जून २०१९ रोजी एक महाकाय सहलजहाज धक्क्याला आणि प्रवासी नौकेला धडकले होते. त्यानंतर जनमताचा रेटा वाढला आणि १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांहून मोठ्या जहाजांना शहराच्या अंतरंगातील जलमार्ग बंद करण्यात आला.

२५ एप्रिल २०२४ पासून नगरपालिकेने आणखी एक पाऊल उचलले. गर्दीच्या निवडक २९ दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेत, केवळ दिवसभरासाठी येणाऱ्या प्रवाशाला ५ युरो प्रवेशशुल्क लावण्यात आले. मुक्कामास राहणारे, तेथे काम करणारे, विद्यार्थी आणि चौदा वर्षांखालील मुले यांना त्यातून सूट होती. २०२५ मध्ये शुल्काचे दिवस ५४ झाले आणि ऐनवेळी नोंदणी करणाऱ्यास १० युरो पडू लागले. पहिल्या वर्षी सुमारे २४ लाख युरो जमा झाले. मात्र गर्दी डोळ्यांत भरेल इतकी कमी झाली, असे दिसले नाही. शिवाय टीकाकारांचा आक्षेप असा की, तिकीट काढून शिरावयाचे ते संग्रहालय. शहराला दार बसविले की ते संग्रहालय झाल्याची कबुलीच दिल्यासारखे होते. या आक्षेपात तथ्य आहे.

रहिवाशांच्या दृष्टीने अधिक मोलाच्या गोष्टी कमी गाजल्या. सार्वजनिक नौकेच्या एका फेरीस प्रवाशाला ९.५० युरो पडतात, तर ओळखपत्रधारक रहिवाशाला १.५० युरो. अशा सवलतीने शहरात राहणे थोडे सुकर होते. २०२२ मध्ये इटलीच्या संसदेने, अल्पमुदतीसाठी पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांवर मर्यादा घालण्याचा विशेष अधिकार व्हेनिसच्या नगरपालिकेस दिला. रोगाचे मूळ घराच्या वापरात आहे, हे यात प्रथमच मान्य केलेले दिसते. घंटाघराच्या दुरुस्तीचा निर्णय वास्तुतज्ज्ञ घेऊ शकतो; घर कोणाला भाड्याने द्यावयाचे, दुकानाला कोणता परवाना द्यावयाचा, शाळा चालू ठेवावयाची की नाही, हे मात्र स्थानिक कारभाराचे निर्णय आहेत.

आणि येथेच व्हेनिसची एक मोठी अडचण आहे. १९२६ पासून जुने शहर व मुख्य भूमीवरील मेस्त्रे यांची नगरपालिका एकच आहे. तिच्या सुमारे अडीच लाख लोकसंख्येपैकी जेमतेम पाचवा हिस्सा जुन्या शहरात राहतो. निराळी नगरपालिका असावी काय, या प्रश्नावर १९७९, १९८९, १९९४, २००३ आणि २०१९ असे पाच वेळा मतदान झाले. परंतु पाचही वेळा विभाजन झाले नाही. एकत्र राहण्याचे फायदेही असतील. तथापि ज्यांचे घर त्या बेटांवर आहे त्यांचा आवाज त्यांच्याच नगरपालिकेत अल्पसंख्य झाला आहे, ही वस्तुस्थिती उरतेच.

एकाच पिकाची शेती

पर्यटन हा अनिष्ट व्यवसाय आहे, असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. १९६६ च्या पुरानंतर जगभरातून मदत आली ती व्हेनिसची कीर्ती जगभर होती म्हणूनच. नावाडी, काचकारागीर, खाणावळवाले यांची चूल पर्यटकांवर चालते. मात्र २०२० मध्ये महासाथीमुळे प्रवास थांबला, तेव्हा कालव्यांचे पाणी शांत झाले आणि त्याबरोबर शहराचे उत्पन्नही थांबले. एकाच पिकावर विसंबलेल्या शेतकऱ्याची पाऊस न पडल्यास जी गत होते, तीच गत एका व्यवसायावर विसंबलेल्या शहराची होते. जमीन सुपीक असली तरी तिला पालट हवा असतो.

आपल्या दाराशी

घारापुरी बेटावर लेण्यांच्या जोडीने तीन वाड्यांचे एक लहानसे गाव आहे आणि त्याची स्वतःची ग्रामपंचायत आहे. येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाकडून ती अल्पसा कर घेते. व्हेनिसच्या नगरपालिकेने फार मोठा गाजावाजा करून जे केले, ते महाराष्ट्रातील एका छोट्या ग्रामपंचायतीने निमूटपणे केलेले आहे. परंतु या गावाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. लेणी १९८७ मध्ये जागतिक वारसा ठरली. समुद्राखालून केबल टाकून गावात कायमस्वरूपी वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोवर संध्याकाळचे काही तास जनित्रावर भागवावे लागे. वारशाचा मान मिळाल्याने वारशाशेजारी राहणाऱ्यांचे जीवन आपोआप सुकर होत नाही, याचे हे घरचेच उदाहरण होय.

२०२५ मध्ये मानांकन मिळालेल्या किल्ल्यांपैकी पन्हाळा हा तर नांदता गड. तेथे नगरपरिषद आहे, शाळा आहेत, सुमारे तीन हजार लोकांची वस्ती आहे. मानांकनाच्या निमित्ताने घरदुरुस्तीवर निर्बंध येतील काय, आपल्याला येथून उठावे लागेल काय, अशा शंका तेथील रहिवाशांनी व्यक्त केल्या. या शंकांना विकासविरोध समजणे चुकीचे ठरेल. गडाच्या तटबंदीइतकाच तेथील वहिवाटीचा संसारही वारशाचा भाग आहे, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले गेले पाहिजे आणि नियम करताना त्यांना विचारले गेले पाहिजे.

स्थानिक संस्थांना आजच करता येण्यासारखी काही कामे आहेत. पर्यटकांच्या करातून येणाऱ्या रकमेचा ठराविक भाग पाणी, शाळा आणि आरोग्य या रहिवाशांच्या गरजांसाठी राखून ठेवणे, हे पहिले. राहत्या घराचा वापर बदलून ते केवळ पाहुण्यांसाठी ठेवावयाचे झाल्यास त्याची स्वतंत्र नोंद घेणे, हे दुसरे. बाजारातील काही गाळे रोजच्या गरजेच्या वस्तूंसाठी व स्थानिक कारागिरांसाठी राखणे, हे तिसरे.

चौथे काम अगदी बिनखर्चाचे आहे. व्हेनिसमध्ये रिआल्तोजवळच्या एका औषधांच्या दुकानात २००८ पासून जुन्या शहराच्या रहिवाशांचा चालू आकडा काचेआड लावलेला असतो. येणारा-जाणारा तो वाचतो आणि घट किती झाली हे त्याला कळते. तेथे हे भान ओहोटी लागल्यानंतर आले. आपल्याकडील प्रत्येक वारसास्थळाच्या ग्रामपंचायतीने वा नगरपरिषदेने वर्षातून एकदा तीन आकडे फलकावर लावावेत : गावात चूल पेटणारी घरे किती, शाळेच्या पटावर मुले किती आणि रोजच्या गरजेची दुकाने किती. मोजणीचे काम शिक्षकांनी वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास ते भूगोल व नागरिकशास्त्राचे उत्तम प्रात्यक्षिक होईल. पर्यटकांची संख्या आपण हौसेने जाहीर करतोच. त्याच फलकावर हे तीन आकडेही दिसू लागले आणि ग्रामसभेत त्यांवर चर्चा झाली, तर गाव रिकामे होऊ लागल्याची खबर गावाला वेळेवर मिळेल.